पदराखालचा हेडफोन

पोरगा पुण्याहून आला की मी आधी त्याच्या हातातल्या पिशवीकडं बघते आणि मग तोंडाकडं. रिकाम्या हातानं आला तर समजायचं, सगळं ठीक आहे. काही घेऊन आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. एकदा मिक्सर आणला आणि जेवता जेवता हळूच सांगितलं, नोकरी सोडली म्हणून. एकदा साडी आणली, तेव्हा गाडी कुठंतरी ठोकून आला होता. त्यामुळं या उन्हाळ्यात त्यानं पिशवीतनं एक काळी गुळगुळीत पेटी काढून माझ्यापुढं ठेवली, तेव्हा मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, "आता काय करून ठेवलंस?"

"काय न्हाई गं आई. तुझ्या कानासाठी हाय."

पेटीवरचा किमतीचा कागद नखानं खरडून काढलेला होता. ते बघून तर माझी खात्रीच पटली की कुठंतरी पाणी मुरतंय.

कानाचं मात्र खरं होतं. चौसाळ्यात हायवेला लागून आमची पिठाची गिरणी आहे. आमचे मालक शेताकडं बघतात, गिरणी माझ्याकडं. नवी नवरी होते तेव्हापासून त्या खडखडाटात उभी आहे मी. अलीकडं उजव्या कानानं कमी यायला लागलं होतं. मला वाटायचं, घरातले सगळे मुद्दाम पुटपुटतात, माझ्यापासून काहीतरी लपवतात. शेवटी मालकांनी धरून बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, गिरणी चालू असताना कान झाकत जा, नाहीतर आहे तेवढंही जाईल. त्यांनी कानात घालायचे मऊ बोळे दिले. त्यातला एक वाकून डबा उचलताना कुणाच्या तरी ज्वारीत पडला. तो दळला गेला की चाळणीत अडकला, हे मला अजून माहीत नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

म्हणून मग हा हेडफोन. पोरानं समजावून सांगितलं. वायर नाही, फोनशी आपोआप जोडला जातो, आणि बाहेरचा आवाज मारून टाकतो.

"मारतो म्हंजे कसा?"

"त्याला बाहेरून बारीक माईक हायेत. ते आधी सगळं ऐकत्यात, आणि मग मोटरीच्या आवाजाच्या उलटा आवाज काढून तो बंद पाडत्यात."

"म्हंजे हा आधी सगळं ऐकतो."

"हां."

"आन् मग कुणाला सांगतो?"

"कुणाला सांगंल, आई? यंत्र हाय ते."

माझा काही विश्वास बसला नाही. फोनवर त्याचं काहीतरी उतरवून घ्यावं लागतं, तर ते पहिल्यांदा विचारतंय काय, की तुम्ही आत्ता कुठं आहात ते कळवायला परवानगी द्या. कावून? मी कुठं असते ते साऱ्या चौसाळ्याला ठाऊक आहे, तुला कशाला पाहिजे? चालू केला की आत एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलते. मी पोराला विचारलं, ही कोण. तो नुसता हसला. हसण्यावारी नेलं की समजावं, उत्तर त्यालाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट आल्यावर मी गिरणी चालू केली, हेडफोन चढवला आणि डाव्या बाजूचं बटण दाबलं. आगं माय! लाईट गेली असं वाटून मी वर बल्बकडं बघितलं. बल्ब चालू, पट्टा फिरतोय, पीठ पडतंय, आणि आवाज कुठंतरी लांब, शेजारच्या गल्लीत असल्यासारखा. कानात दडे बसले, मांजरसुंब्याचा घाट उतरताना बसतात तसे. मला भीतीच वाटली, खरं सांगते. एवढी वर्षं जो आवाज डोक्यावर बसला होता तो कुणी एका बोटानं उचलून नेला, आणि मला विचारलंही नाही.

पण संध्याकाळी गिरणी बंद करून घरी गेले तर डोकं दुखत नव्हतं. कानात रोज घुंई वाजायची, ती नव्हती. मी अंथरुणावर पडून वाट बघत राहिले, आता सुरू होईल, मग सुरू होईल. नाहीच झाली. फायदा असेल तर नाही कशाला म्हणू? चार्जिंगही लई दिवस पुरायचं. आमच्याकडच्या लाईटीचा काय भरवसा, पण त्या बाबतीत त्यानं कधी दगा दिला नाही.

आता तोटे. कानातल्या कुड्या आणि वेल हेडफोनच्या गादीखाली दाबले जाऊन पाळ्या लाल व्हायच्या. कुड्या काढल्या तर शेजारणी विचारणार, काय झालं बाई, गहाण टाकल्या का. उन्हाळ्यात गादीखाली घामाची धार. वर पीठ बसलं की घाम आणि पीठ मिळून त्याची कणीक व्हायची आणि ती मला रोज पुसत बसावं लागायचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गिरणीतल्या दगडाचा आवाज कळेना. वरच्या पेटीतलं धान्य संपत आलं की दगडाचा सूर बदलतो, ते मला न बघता कळायचं. हेडफोननं तो सूरच खाऊन टाकला. एकदा दगडावर दगड कोरडा फिरत राहिला. जळका वास नाकात गेला तेव्हा मी धावले. त्या दिवसापासून कानाचं काम डोळ्याला लावावं लागलं.

हेडफोन घालते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. या वयात कानाला लावून गाणी ऐकते म्हणाले असते, नाहीतर बहिरी झाली म्हणाले असते, आणि दोन्ही मला नको होतं. आमच्याकडं गिरणीत हायवेवरनं येणारा जाणारा बघतो, त्यामुळं डोक्यावर पदर असतोच. मी तो जरा पुढं ओढून घेत होते. काळा पट्टा केसांत, कान पदराखाली. कुणाला पत्ता लागला नाही.

आता गिरणीतलं बोलणं कसं असतं ते सांगायला पाहिजे. गिरणी चालू असली की शेजारी उभ्या बाईचं बोलणंसुद्धा तिनं कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हणून तर बायका तिथं बोलतात. घरी सासू, दारात दीर, भिंतीपलीकडं चुलत घर. मोबाईलवर बोलावं तर नवरा विचारणार कुणाशी. गिरणीत पोत्यावर दोघी शेजारी टेकल्या, कानाला तोंड लावलं, की काय वाट्टेल ते बोलावं. मी इतकी वर्षं त्यांची तोंडं हलताना बघत आले, पण एक शब्द कधी कानावर आला नाही. त्यांनाही ते माहीत होतं.

पण हा मेला हेडफोन मोटरीचा घरघराट मारतो आणि माणसाचा आवाज आत येऊ देतो! पोरानं हे सांगितलंच नव्हतं. पहिलं वाक्य जे माझ्या कानावर आलं ते असं, "लई माजलीय ही. डब्यामागं मूठ मूठ पीठ काढून ठेवती."

मी? मी पीठ काढून ठेवते? दगडाच्या कडेला राहतं ते पुढच्याच्या पिठात जातं, हे शेंबड्या पोराला कळतं, आणि ही बाई दर आठवड्याला मला "मावशी मावशी" करत दात काढते! तिची ज्वारी मात्र त्या दिवशी जरा जाडच काढली. भाकरी चिरल्या असतील तर चिरू देत.

तेव्हापासून मला चटकच लागली. काम होतं हाताला, आणि कान सगळा पोत्यांकडं. कोण कुणाला काय म्हणते, कुणाच्या घरात काय शिजतंय. हेडफोन सगळं ऐकतो म्हणून मी त्याच्यावर संशय घेत होते, आणि आता तेच मी करत होते. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी माझ्या मैत्रिणीची सून आली. ही मैत्रीण आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलो. तिचं घर मोठं, जमीन बक्कळ, तिचे मालक होते तोवर गावातली सगळी माणसं त्यांच्या ओसरीवर बसलेली असायची. मालक गेले, थोरला मुलगा शहरात गेला, धाकटा परळीकडं साखर कारखान्यात नोकरीला, सुट्टी मिळेल तेव्हा येतो. घरात उरल्या सासू आणि धाकटी सून, दोघीच. माझी मैत्रीण तोंडानं फटकळ. सुनेला मुठीत ठेवते, हे साऱ्या गावाला माहीत.

सून गव्हाचा डबा ठेवून तिच्या चुलत जावेशेजारी पोत्यावर बसली आणि म्हणाली, "लातूरला नंबर लागला ताई. नर्सिंगला. हॉस्टेलबी मिळालं."

"आन् आत्याबाई?"

"त्यांला न्हाई सांगायचं. ह्यांनी हो म्हणलंय. सोमवारी माहेरी जाते म्हणून निघते, आन् तिथनं परस्पर लातूर. मागच्या वेळी काय झालं म्हाईतीय ना तुमाला?"

मलाही माहीत होतं. मागच्या वर्षी तिचा असाच नंबर लागला होता. सासूनं कळल्याबरोबर अन्न सोडलं. आमच्या घरची सून परक्याचे बेडपॅन उचलणार नाही, म्हणाली, आणि ताट सरकवून भिंतीकडं तोंड करून झोपली. सुनेनं प्रवेशाचा कागद फाडला तेव्हा कुठं ती उठून जेवली. पोरीचं वर्ष गेलं. या वेळीही गेलं तर पुन्हा तिला कोण घेणार होतं?

नेमकं तेव्हाच मी डबा उचलायला वाकले आणि पदर घसरला. मी दोन्ही हातांनी डबा धरलेला, पदर सावरायचा कसा? पोत्यावरच्या सगळ्या बायकांनी माझ्या कानांकडं बघितलं. सून उठून उभी राहिली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, आणि ते पिठानं नव्हतं. डबा तिथंच टाकून ती निघून गेली.

संध्याकाळी एकटी आली. म्हणाली, "मावशी, तुमी काय ऐकलं?"

"मी काय न्हाई ऐकलं, बाई."

"शपथ घ्या."

"घेते की. तुझी शपथ."

माझी शपथ ऐकून ती आणखीच घाबरली. माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला काही कारण नव्हतं, हे मलाही कळत होतं. पीठ घेऊन ती गेली, आणि जाताना मागं वळून बघत गेली.

मग दोन दिवसांतच गिरणीची दशा झाली. बायका यायच्या, डबे ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. काही तर डबा ठेवून घरीच जायच्या आणि पीठ न्यायला नवऱ्याला पाठवायच्या. पोत्यावर बसून एकमेकींच्या कानाला लागणं बंदच झालं. कुणी आली की आधी माझ्या पदराकडं बघायची. मी हेडफोन काढून खिळ्याला टांगला तरी त्या खिळ्याकडं बघायच्या.

आणि शुक्रवारी माझी मैत्रीण आली. हातात एवढासा डबा. तिच्या घरातलं पीठ संपलेलं नव्हतं, दोनच दिवसांपूर्वी सून नेऊन गेली होती. गिरणी चालू होती, चार बायका डबे घेऊन बसलेल्या होत्या. ती माझ्या चांगल्या कानाला तोंड लावून म्हणाली, "तुझ्या त्या यंत्रातनं सगळं ऐकू येतंय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय? अगं, ऐकू येऊ नये म्हणून असतं ते. डॉक्टरनं सांगितलंय."

"माझी सून काय बोलत होती?"

"मला काय म्हाईत?"

"लई हसती ती आजकाल. माहेरी जायाचं म्हणती, पण दिवस सांगत न्हाई. सगळी लुगडी धुऊन घडी घालून ठिवलीत. माहेरी जायाला कुणी सगळे कपडे धुतंय व्हय?" मग तिनं खिळ्याकडं बोट केलं. "दे बघू ते. मीच घालून बघते."

पाचावर धारण बसली माझी. हिनं ते घातलं आणि पोत्यावरच्या बायकांतली एक जरी बोलली तरी सगळा मामला उघडा. मी हेडफोन खिळ्यावरनं काढला, पदरानं त्याच्यावरचं पीठ पुसायचं निमित्त केलं आणि अंगठ्यानं डावीकडचं बटण दाबून बंद केलं. बंद असला की तो नुसत्या दोन गाद्या. मोटरीची घरघर जरा कमी येते आणि माणसाचा आवाज त्यात बुडूनच जातो. तिच्या डोक्यावर मी तो माझ्या हातानं चढवला, तिच्या कुड्या सांभाळून.

ती पोत्यावर टेकली. बायकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग बोलली. कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तिला वाटलं असेल, ती माझ्याशी हळू बोलतेय. पण ती ओरडत होती. गिरणीच्या वर तिचा आवाज सगळ्यांना लख्ख ऐकू आला.

"ती गेली तर मला घरात बोलायला कोण हाय गं? सकाळपासनं रातीपर्यंत एक तीच तर बोलती माझ्यासंगं. मी वसकते, तरी बोलती. ती गेल्यावर काय भिंतीसंगं बोलू मी?"

चारही बायकांनी खाली माना घातल्या. एकीनं उगाच आपल्या डब्याचं झाकण काढलं आणि लावलं. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं हेडफोन काढला, माझ्या हातात दिला आणि पुन्हा माझ्या कानाशी आली. आता तिचा आवाज खरोखर हळू होता.

"घालायच्या आधी तू बटण दाबलंस. बघितलं मी. म्हंजे ऐकलंयस तू."

मी हेडफोन पुन्हा खिळ्याला अडकवला.

"कुठं चालली ते नगं सांगू. कधी चालली, तेवढं सांग. वाटंसाठी काय करून द्यावं लागंल तिला."

काय करायचं मी? हीच ती बाई जिनं ताट सरकवून भिंतीकडं तोंड केलं होतं. वाटेच्या दशम्यांचं निमित्त सांगून तारीख काढून घेत नसेल कशावरून? मी तिला आयुष्यभर ओळखते आणि त्या क्षणी मला तिच्या तोंडावरनं काही म्हणजे काही कळेना. डोळे मात्र तिचे ओले होते. ते डोळे खोटे असतील तर मग मी माणसं ओळखायचं सोडूनच द्यावं.

"सोमवारी," मी म्हणाले.

ती आपला डबा उचलून, न दळताच, निघून गेली.

शनिवार, रविवार कसे गेले ते माझं मला माहीत. पोरीचं वर्ष मी एका शब्दात घालवलं असं वाटायचं आणि जेवण जाईना. तिच्या घरासमोरनं दोनदा उगाच गेले. आतून भांडणाचा आवाज नाही, रडणं नाही, काही नाही. त्यानं तर आणखी संशय आला. रविवारी पोराचा फोन आला. कुठल्याशा वेबसाइटवर हेडफोनबद्दल लिहायचं होतं त्याला.

"आई, पाचातले किती स्टार देऊ?"

"तुझे तारे तुझ्याजवळ ठेव," मी म्हणाले. "डोकं दुखायचं थांबलं, हे लिही. कान वाचला, हेबी लिही. कुड्या टोचत्यात, घाम येतो, दगड मोकळा फिरला तरी कळत न्हाई. आन् लिही की जे कानावर यायला नको तेबी येतंय. घेणाऱ्यानं इचार करून घ्यावा."

"शेवटचं न्हाई लिहिता येत आई. माणसाचं बोलणं ऐकू येतं, त्याला लोक फायदाच धरत्यात."

मी फोन ठेवून दिला.

सोमवारी गिरणी उघडल्यापासून माझं लक्ष समोर होतं. एसटीचा थांबा आमच्या दारासमोरच, हायवेच्या पलीकडं. सून आली. हातात बॅग, अंगावर नवी साडी, आणि तिच्या मागं दहा पावलांवर माझी मैत्रीण. पोरीनं मागं वळून सासूला बघितलं आणि जागच्या जागी थिजली. तिनंही तेच ओळखलं जे मी ओळखलं. आता ही हात धरून ओढत नेणार, चारचौघांत रडणार, रस्त्यावर बसणार.

एसटी आली. मैत्रिणीनं पदराखालनं एक गाठोडं काढलं आणि सुनेच्या हातात कोंबलं. काहीतरी बोलली, ते एवढ्या लांबून ऐकायला माझ्याकडं काही यंत्र नव्हतं. सून वाकून पाया पडायला लागली तर तिनं तिला दंडाला धरून गाडीच्या दाराकडं ढकललं, जा म्हणून. गाडीत चढताना पोरीनं एकदा गिरणीकडं बघितलं. त्या बघण्यात आभार नव्हते. तिला कळलं होतं कुणी सांगितलं, आणि हे असं पार पडेल याचा भरवसा मलाही नव्हता, हेही तिला कळलं असणार.

गाडी गेली. मैत्रीण थांब्यावर बराच वेळ उभी होती. मग रस्ता ओलांडून गिरणीत आली आणि पोत्यावर टेकली. दळण चालू होतं, रांगेत तीन डबे होते. तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मी हेडफोन काढून कान तिच्या तोंडाशी नेला.

"जरा बंद कर गं ती गिरणी," ती म्हणाली. "कुणीतरी बोला माझ्यासंगं."

मी खटका ओढला. पट्टा फिरत फिरत थांबला. रांगेतल्या बायकांपैकी कुणी लवकर कर म्हणालं नाही. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले. इतक्या वर्षांची ओळख आमची, आणि त्या शांततेत आम्हा दोघींनाही काय बोलावं ते सुचेना.